आज्याची रायफल आणि ‘बनावट’चा रकाना

आमच्या आज्यानं ताडोबाकडच्या मोहर्लीच्या जंगलात याच बंदुकीनं वाघ पाडला, असं घरात लहानपणापासून ऐकत आलो. बंदूक म्हणजे पॉइंट टू-टूची, एका वेळी एकच गोळी भरायची टार्गेट रायफल. तिची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम. कागदावरच्या काळ्या गोलासाठी केलेली. तिनं वाघ मरत नाही, चवताळतो. पण हे ध्यानात यायला परवान्याची भानगड उपटावी लागली.

बाबांनी सत्तरी ओलांडली. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, की वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. बहिणींची ना-हरकत, पोलीस चौकशी, प्रशिक्षणाचा दाखला, सारं जमलं. अडलं ते ‘बनावट’च्या, म्हणजे बंदूक कुठल्या कंपनीची त्या रकान्यात. परवान्याच्या जुन्या पुस्तकात ‘पार्कर’ लिहिलेलं, अन् रायफलीवर बी.एस.ए. या दुसऱ्याच इंग्रजी कंपनीचं नाव. टेबलामागचा बाबू म्हणाला, “बंदूक बदलली दिसते भाऊ.” मला घामच फुटला.

गावात चौकात बसलेला प्रत्येक जण तज्ज्ञ. “मांगची दुर्बीण डुप्लिकेट हाय, काढून फेक.” “ओरिजिनल असन त स्क्रूवरबी नंबर पायजे.” एकानं तर “बफ मारून, घासून चकाचक करून देतो, लाखात जाईन,” म्हणत हात पुढे केला. नशीब, दिली नाही.

शेवटी नागपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. परवाना बाबांचा, म्हणून त्यांनाही एसटीत बसवलं. कारागिरानं रायफल उजेडात धरली. बाजूला एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका कोरलेल्या, ही बी.एस.ए.ची खूण. खालचा लिव्हर ओढला की आतला ठोकळा खाली बसतो, ही मार्टिनी पद्धत. नळीवर अन् बॉडीवर, दोन्हीकडे मुकुट अन् त्याखाली बीपी, म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची, बंदुका तपासणाऱ्या संस्थेची, पास झाल्याची मोहर. ते प्रूफ हाउस १८१३ पासूनचं. मोहर दोन्हीकडे आहे म्हणून दोन्ही भाग जन्मापासून एकत्रच होते असं मात्र नाही, हे त्यानं बजावलं.

मग त्यानं भिंग दिलं. नळीवर बारीक अक्षरं: ‘पार्कर-रायफल्ड’. नळीतले गोळीला फिरकी देणारे आटे झिजले की ती आतून मोठी करून नवी पातळ नळी बसवायची, हे त्या पार्करवाल्यांचं काम. “नळी जुनी, आतडं नवं,” तो म्हणाला. मागची पीप साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्याच पार्करवाल्यांच्या पार्कर-हेल कंपनीची. ती दुर्बीण नव्हेच, नुसतं भोक. बी.एस.ए. स्वतःही साइट बनवायची, पण नेमबाज आपल्या डोळ्याला मानवेल ती बसवून घेत. त्यामुळे परकं नाव दिसलं की नकली, हा हिशेब टार्गेट रायफलीला लागूच होत नाही. जुन्या बाबूनं नळीवरचं नाव वाचलं अन् तेच पुस्तकात उतरवलं असणार.

बफचं नाव काढताच तो भडकला. बफनं अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूची भोकं पसरट होतात, पारखी एका नजरेत ओळखतो. अन् नंबर पुसला गेला तर किंमत राहू द्या, बिननंबरी हत्यार बाळगणं हाच गुन्हा.

एवढं सांगून त्यानं लाकडी दस्ता थोपटला अन् हसला. “हे मात्र अक्रोड नाही. सागवान आहे, तुमच्याकडचंच.” बाबा हळूच म्हणाले, “बैलगाडीतून पडली होती. सुताराकडून करून आणला.” गावात सगळ्यांनी साइटवर बोट ठेवलं, दस्त्याचं सगळ्यांनी कौतुकच केलेलं!

कारागिराच्या लेखी खुलाशावर अन् पोलिसांच्या तपासणीवर नोंद दुरुस्त झाली. चार महिने गेले.

उरली वनखात्याची नोंद. आमचं गाव अंधारी अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत, तेव्हा वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ खाली हत्यारवाल्याला नाव नोंदवावं लागतं. फॉर्म भरता भरता तिथल्या बाईंनी सहज विचारलं, “जुनी दिसते, कोणाची?”

बाबा खुर्चीत सरसावले. “माह्या बापाची. त्यायनं मोहर्लीले...”

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. “कागदावर नेम धरायचे, मॅडम.”