आरनॅव्ह आणि आरएनपी: अंक एकच, मग फरक कुठे?

इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या परवानगीची, तयारी मी रत्नागिरीच्या घरी बसून केली, आणि त्या काळात ‘आरनॅव्ह 1’ (एरिया नेव्हिगेशन) व ‘आरएनपी 1’ (रिक्वायर्ड नेव्हिगेशन परफॉर्मन्स) या विमानाच्या मार्गदर्शनातल्या दोन संज्ञांपाशी मी बरेच दिवस अडलो होतो. दोन्हींतला अंक एकच अट सांगतो: एकूण उड्डाणकाळाच्या किमान 95 टक्के वेळ विमान ठरलेल्या मार्गापासून 1 सागरी मैलाच्या आत राहिले पाहिजे. मग नावे दोन कशासाठी?

पूर्वी रत्नदुर्गावरच्या दीपगृहाचा उजेड धरून गलबते बंदर गाठत, तसे विमान जमिनीवरच्या एका व्हीओआर या दिशादर्शक रेडिओ केंद्रावरून दुसऱ्याकडे जाई. आरनॅव्हमुळे ही सक्ती संपली. अक्षांश-रेखांशांनी ठरवलेल्या वेपॉइंटांमधून हवा तो मार्ग आखता येतो. त्यासाठी जीपीएसच लागते असेही नाही, कारण दोन डीएमई या अंतरमापक रेडिओ केंद्रांपासूनची अंतरे मोजूनही संगणक स्थान काढू शकतो.

आरएनपीमध्ये मात्र उपकरणाने आपली अचूकता स्वतः तपासत राहावी आणि तिची खात्री देता येईनाशी झाली की वैमानिकाला इशारा द्यावा, अशी अट आहे. मिरकरवाड्याच्या जेटीवर माझ्या काकांच्या ट्रॉलरवरचे जीपीएस पाहताना मला हे नीट उमगले. ते स्थान दाखवते, पण त्या स्थानावर किती विसंबावे हे सांगत नाही. विमानातल्या रिसीव्हरला स्थान काढायला 4 उपग्रह पुरतात. रिसीव्हर स्वतःच करतो त्या ‘रेम’ या तपासणीत चूक ओळखायला पाचवा आणि चुकीचा उपग्रह वगळायला सहावा लागतो.

अप्रोचच्या, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याच्या, तक्त्यावर ‘एलनॅव्ह’ हा प्रकार केवळ आडवे मार्गदर्शन देते. ‘एलनॅव्ह/व्हीनॅव्ह’मध्ये उताराची रेषाही मिळते, पण ती अनेक विमानांत हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि इथे विशेष जपावे लागते. कोकणात पावसाळ्यात दाब उतरलेला असतो. अल्टिमीटरवर, म्हणजे दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणावर, 1003 हेक्टोपास्कलच्या जागी 1013 लावले गेले, तर प्रत्येक हेक्टोपास्कलमागे सुमारे 28 फूट, म्हणजे जवळपास 280 फूट विमान खाली असेल, आणि तरीही उताराची रेषा दाखवणारा काटा मध्यावरच राहील. ढग सड्याला टेकलेले असताना हे अंतर जीवघेणे आहे. ‘रेम’ उपग्रहांची चूक पकडते, दाबाची नाही, म्हणून लावलेल्या दाबाचा आकडा मी प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून ताडून पाहतो.

‘एलपीव्ही’ या तिसऱ्या प्रकारात उताराची रेषा उपग्रहांवरून येते. त्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली, जीपीएसच्या स्थानातली चूक दुरुस्त करणारी ‘गगन’ प्रणाली आपल्याकडे आहे, आणि उभ्या मार्गदर्शनासह अप्रोचसाठी तिला 2015 मध्ये प्रमाणपत्र मिळाले. दाब चुकला तरी ही रेषा हलत नाही. मात्र उतरायचे की वर निघायचे हे ठरवण्याची उंची तिथेही अल्टिमीटरवरच वाचायची असते.