एप्रिलमधला हाहाकार

बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत कुणाची तरी कारकीर्द संपलेली असते. म्हणजे चाहत्यांनी संपवलेली असते. 162 पैकी पंधरा सामने जेमतेम झालेले असतात. न्यू जर्सीत आमच्या ऑफिसात अर्धे यांकीजवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या संघाचे, अर्धे फिलीजवाले, म्हणजे फिलाडेल्फियाच्या. कॉफी मशीनपाशी निदान चालू असतं: नजर गेली, मनगट आखडलं, पैसा डोक्यात गेला, घरी बाळ झालंय, झोप होत नसणार.

नशीब नावाचा आजार मात्र कुणी सुचवत नाही. दहा संधींत तीनदा हिट मारणारा, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेसवर पोचणारा, या खेळात उत्तम फलंदाज समजला जातो. सामन्यात चारेक संधी धरल्या, तर असा उत्तम माणूसही साधारण दर चार सामन्यांत एकदा रिकाम्या हाताने परततो. लागोपाठ तीन सामने कोरडे जाणं वर्षात एकदोनदा व्हायचंच. हे गणित मी एकदा फिलीजवाल्या सहकाऱ्याला सांगितलं. ‘तू कधी फिलाडेल्फियात तिकीट काढून बसलायस का?’ एवढंच तो म्हणाला. मुद्दा बिनतोड होता.

डेरेक जीटर म्हणजे यांकीजचा लाडका कप्तान. 2004 च्या एप्रिलमध्ये सलग 32 वेळा त्याला हिट मिळाली नाही आणि घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडाली. शेवटी ओकलंडचा गोलंदाज बॅरी झिटो याला त्याने होमरन ठोकला, म्हणजे आपल्याकडचा षटकारच. मोसम संपला तेव्हा त्याची सरासरी .292 होती, म्हणजे दहा संधींत जवळजवळ तीन हिट, म्हणजे झकास. आपण हसायचं कारण नाही. वानखेडेवर 2006 साली मुंबईकरांनी सचिनला हेच ऐकवलं होतं.

फिलाडेल्फिया तर या कलेचं माहेरघर. तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या प्रेक्षकांनी 1968 मध्ये सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारलेत. ट्रे टर्नर 11 वर्षांच्या, 30 कोटी डॉलरच्या करारावर 2023 मध्ये तिथे आला आणि ऑगस्टपर्यंत चाचपडत राहिला. मग 4 ऑगस्टला, कधी नव्हे ते, प्रेक्षकांनी उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. टर्नर सुटलाच! आधी चार महिन्यांत 10 होमरन, नंतर दोन महिन्यांत 16. आता ‘आम्ही त्याला बरं केलं’ असं प्रत्येक फिलीजवाला छाती काढून सांगतो. गडी मुळात चांगला होता, कधीतरी बॅट चालणारच होती, हे म्हणणाऱ्याला तिथे कॉफी मिळत नाही. हुर्यो काय, टाळ्या काय, आपण खुर्चीतून सामना हलवतो ही खात्री तीच.

डॉजर्स संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होता, तेव्हाचे त्याचे भक्त त्या मानाने सालस. त्यांचा गिल हॉजेस 1952 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेत, 21 संधींपैकी एकदाही हिट मारू शकला नाही, पण कुणी ब्र काढला नाही. पुढच्या मोसमातही तो अडखळला, तेव्हा एका पाद्रीबुवांनी चर्चमध्ये जाहीर केलं की प्रवचनाला फार उकडतंय, घरी जा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा. प्रशिक्षकाने त्याची उभं राहण्याची ढब सुधारली होती, ते कुणाच्या लक्षात नाही. हॉजेस सावरला, त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये .364 ने खेळला. डॉजर्स पुन्हा यांकीजकडूनच हरले. त्याचा जाब विचारायला कुणी चर्चमध्ये गेल्याचं मात्र ऐकिवात नाही.