‘सर कडक आहेत’ आणि माझी रेघांची वही

शनिवार, रात्री उशिरा

आज लेकीची फुटबॉलची मॅच हरलो ४-१. ‘हरलो’ लिहिलं बघा मी, जसं काही मीच बूट घालून मैदानात होते. पण डोक्यात स्कोअर नाहीचे, डोक्यात सेकंड हाफमधले ते चारपाच सेकंद आहेत. लेकीच्या पायात बॉल आला, समोर मोकळी जागा, डावीकडे तिची मैत्रीण हात वर करून उभी, आणि ही बाई बॉलकडे बघायचं सोडून बेंचकडे बघायला लागली, कोच सर काय सांगतायत ते ऐकायला. तेवढ्यात समोरच्या पोरीने बॉल काढून नेला, गोल झाला, सर ओरडले "डोकं घरी ठेवून आलीस का गं?" आणि मिनिटभरात तिला बाहेर काढलं. दहा वर्षांची आहे ती.

सर मॅचभर बोलत असतात. पास दे, शूट कर, मागे ये, तिकडे कुठे चाललीस. मुलींचा रिमोट हातात असल्यासारखं. आणि फुटबॉलमध्ये तर टाइमआउट नाही, खेळ थांबत नाही, जे काय ठरवायचं ते बॉल पायात असताना आपलं आपणच ठरवायचं असतं, या वयात मुख्य तेवढंच तर शिकायचंय, आणि नेमकं तेच शिकायला यांना जागा मिळत नाहीये असं मला वाटतं.

बरं, मी तरी काय केलं? गाडीत बसल्या बसल्या विचारलं, "अगं पास का नाही दिलास?" ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "सरांनी सांगितलं नव्हतं अजून." पुढे घरापर्यंत कोणी काही बोललं नाही.

सोमवार

ग्रुपवर नेहमीप्रमाणे ‘वेल प्लेड गर्ल्स’ आणि टाळ्यांची रांग. खरं बोलणं ग्रुपवर होतच नाही, ते फोनवर होतं. दुपारी गोलकीपरच्या आईचा फोन, तिच्या लेकीचं म्हणे मॅचच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, दर वेळी, मॅच नसली की ठणठणीत. वीसेक मिनिटं बोललो आम्ही. गोल खाल्ला की पूर्ण टीमला चकरा मारायला लावतात, म्हणजे बाकीच्या मुली हिच्याकडे रागाने बघतात, वगैरे. आणि फोन ठेवताना ती म्हणाली, "पण तू ग्रुपवर काही लिहू नकोस हं, सिलेक्शन तोंडावर आलंय."

हेच ते. सगळ्यांचं गणित एकच आहे आणि सगळे आपापल्या घरी बसून ते एकेकटे सोडवतायत. तक्रार केली तर सर आपल्या पोरीला बी टीममध्ये टाकतील, निदान बेंचवर तरी बसवतील. गेल्या सीझनला एक बाबा बोलले होते, नंतर त्यांची मुलगी तीन मॅच शेवटची पाच मिनिटं खेळली. त्याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही, तिचा पाय दुखत होता असंही कोणीतरी म्हणत होतं, पण आम्ही सगळ्यांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. शिकवणारे सर, टीम निवडणारे सर, आणि तक्रार करायची तर तीही सरांकडेच. मग आम्ही एकमेकांना सांगतो, सर कडक आहेत, पण रिझल्ट देतात.

या वाक्याची मला आता भीती वाटायला लागलीये. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमध्ये अँडी वुडवर्ड नावाचा माजी फुटबॉलपटू स्वतःचं नाव लावून पुढे आला, लहानपणी कोचने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलला, आणि मग त्याच्यामागून कितीतरी जण बोलले. १९७० ते २००५ एवढ्या काळाची चौकशी झाली, २०२१ मध्ये रिपोर्ट आला. आमच्या सरांचा आणि त्या प्रकाराचा काडीचा संबंध नाही, हे मी ठळक लिहून ठेवते, ओरडणं वेगळं आणि तो गुन्हा वेगळा. पण तिथेही बऱ्याच घरांत असंच होतं ना, हा माणूस मुलाचं करिअर करू शकतो, याला दुखवायचं नाही. निवड ज्याच्या हातात, त्याला प्रश्न विचारायचे नाहीत. ती सवय इथे आमच्यातही आहे आणि आम्ही ती साध्या ओरडण्यापासूनच लावून घेतोय.

बुधवार

झोप येत नव्हती म्हणून वाचत बसले. अमेरिकेत स्मिथ आणि स्मॉल म्हणून दोन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी सत्तरच्या दशकात मुलांच्या बेसबॉल कोचेसचं वागणं मोजायची पद्धत काढली. मैदानाशेजारी बसायचं आणि कोचचं प्रत्येक वागणं रकान्यात टाकायचं, शाबासकी, सूचना, धीर, शिक्षा. त्यात निघालं काय, तर कोचला स्वतःचं वागणं नीट माहीतच नसतं, मुलं जे सांगतात ते निरीक्षकांच्या नोंदींशी जास्त जुळतं. नंतर १९९२ च्या एका अभ्यासात काही कोचेसना ट्रेनिंग दिलं, शाबासकी वाढवा, चूक झाली की आधी धीर द्या मग दुरुस्ती सांगा, असं साधंच. त्यांच्या हाताखालची ५ टक्के मुलं पुढच्या सीझनला आली नाहीत, आणि ट्रेनिंग न घेतलेल्यांची २६ टक्के. बेसबॉल आहे, फुटबॉल नाही, मान्य. पण पोरं पोरंच असतात की.

लेकीची जुनी गणिताची वही काढली, चार रकाने आखले. नवरा म्हणाला, "आता तू इन्स्पेक्टर का?"

शनिवार

मोजलं. पहिल्या हाफमध्ये हात दुखला.

सूचना ११३. टोमणे आणि रागावणं १९. शाबासकी ६, त्यातल्या ४ गोल झाल्यावरच्या, आणि सहाच्या सहा फक्त दोघींना. त्या दोघी टीममधल्या सगळ्यात उंच मुली, दोघींचे वाढदिवस जानेवारी-फेब्रुवारीतले. माझी नोव्हेंबरची. वयोगट १ जानेवारीपासून धरतात, त्यामुळे एकाच गटात दहा महिन्यांचा फरक सहज पडतो, आणि दहा वर्षांच्या आयुष्यात दहा महिने म्हणजे बारावा हिस्सा झाला. कॅनडात आइस हॉकीवाल्यांमध्ये हे १९८५ मध्येच दाखवून दिलंय, वर पोचलेले खेळाडू वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले जास्त. मोठ्या मुलीला टॅलेंटेड म्हणायचं, तिला जास्त खेळवायचं, मग ती खरंच पुढे जाते. (सरांना मुलींच्या जन्मतारखा माहीत आहेत का हेही मला माहीत नाही. फॉर्मवर असतात एवढंच.)

चौथा रकाना आम्हा पालकांचा होता. ४१ रेघा. त्यातल्या माझ्या ९. नऊ वेळा मी ‘शूट’ असं ओरडलेय, आणि वही मांडीवर असताना, मोजत असताना. तोंडातून निघून गेल्यावर लक्षात यायचं. तिकडून सर, इकडून आम्ही, मधे ती नऊ जणींची टीम. त्यांना एकमेकींचा आवाज तरी कसा ऐकू जायचा.

मंगळवार

सरांना भेटले. मॅच झाल्यावर निदान २४ तास काही बोलायचं नाही असा एक नियम बऱ्याच क्लबमध्ये असतो, मी तीन दिवस घेतले. आधीच ठरवून गेले होते, माझ्या मुलीला किती वेळ खेळवता हा विषय काढायचा नाही. तो काढला की आपण लगेच ‘तसल्या’ पालकांत जमा होतो आणि मग पुढचं कोणी ऐकत नाही.

आधी हेडरचं, म्हणजे बॉल डोक्याने मारण्याचं बोलले, कारण प्रॅक्टिसला मुलींकडून सलग हेडर मारून घेतात. म्हटलं, सर, अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशनने २०१५ मध्येच १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केलेत, इंग्लंडमध्येही २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ट्रेनिंगमध्ये नकोत असं सांगितलंय. ते लगेच म्हणाले, "हो, बरोबर आहे, बंद करू." एका मिनिटात विषय संपला. मला हलकं वाटलं, आणि मग वही काढली.

वही त्यांनी बराच वेळ बघितली. "एकोणीस? नाही हो ताई, एवढं नाही बोलत मी." मी काही म्हटलं नाही. मग म्हणाले, आमचे सर तर हात उचलायचे, आम्ही तसेच तयार झालो. मग म्हणाले, मुली सिरीयसली घेत नाहीत. मग जरा वेळाने, आवाज बदलून, "मला पण वर उत्तर द्यावं लागतं. गुणांच्या टेबलमध्ये खाली गेलो की क्लब विचारतो, मुलगी पास द्यायला शिकली का हे कोणी विचारत नाही."

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी हा माणूस नोकरी करून येतो, प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन मांडतो, शेवटी बिब्ज (टीम ओळखायला घालतात ती रंगीत बंड्यांसारखी जाकिटं) स्वतः गोळा करतो, आणि त्याच्या डोक्यावरही कोणीतरी ओरडतंय. नॉर्वेत मूल ११ वर्षांचं होईपर्यंत टेबल, रँकिंग असलं काही ठेवायचंच नाही असा त्यांच्या क्रीडा महासंघाचा नियम आहे. टेबलच नसलं तर वरून विचारणार काय? मी सरांना हे सांगितलं तर हसले, म्हणाले, "मग पालकच विचारतील, कितवे आलो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पहिल्या शनिवारचं पान ४-१ नेच सुरू होतं.

तरी निघताना मी एवढं म्हटलं की सर, डोक्यावरून बोलू नका, ‘डोकं घरी ठेवून आलीस का’ हे तिला अजून आठवतंय. हेडरसारखा त्याला दाखवायला माझ्याकडे नियम नव्हता. ते "बघतो" म्हणाले.

शनिवार

पहिली वीस मिनिटं सर हाताची घडी घालून उभे होते, खरंच. मधे एकदा तोंडावर हात ठेवलेला मी बघितला. लेकीने बॉल घालवला, एकदा नाही तीनदा, बेंचकडे बघितलं, तिथून काहीच आलं नाही, तर ती गोंधळली आणि उभीच राहिली. मला वाटलं होतं शांतता मिळाली की पोरी फुलतील वगैरे, तसं काही झालं नाही, त्यांना सवयच नाही. शेवटच्या दहा मिनिटांत २-१ ने मागे पडलो आणि सर परत सुरू. टोमणे सात मोजले, मग वही बंद केली. माझ्या रेघा दोन.

गाडीत मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "आज सर आजारी होते का?"

रात्री गोलकीपरच्या आईचा मेसेज, ‘तू बोललीस ते बरं केलंस’. मला एकटीला. ग्रुपवर ‘वेल प्लेड गर्ल्स’.

पुढच्या सीझनचा फॉर्म आलाय, शुक्रवारपर्यंत द्यायचाय. लेक म्हणते जायचंय, मैत्रिणी आहेत तिथे, तेव्हा तो प्रश्न नाही. खाली एक रकाना आहे, ‘पालकांच्या सूचना’, दोन ओळींची जागा. गोलकीपरच्या आईला विचारलं, तू काय लिहिणार. तिने अंगठा पाठवलाय, आणि मी आत्तापर्यंत तीनदा लिहून खोडलंय.