शिमग्याला रत्नागिरीकडे जाताय? सड्यावरचं दुपारचं ऊन हलक्यात घेऊ नका

शिमग्याची पालखी बघायला रत्नागिरीकडे जाणार असाल तर एक सांगतो, "समुद्र जवळ आहे, वारं असतं, ऊन जाणवत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याचं अजिबात ऐकू नका. आम्हाला अगदी हेच सांगितलं होतं. होमस्टेवाल्यानेही आणि ज्याच्या ग्रुपबरोबर गेलो त्या आयोजकानेही. त्यावर विसंबून गेलो आणि माझ्या मावसभावाला शेवटी सलाईन लागलं. तो नियमित ट्रेक करणारा, सह्याद्रीत पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालणारा तिशीतला माणूस आहे, त्यामुळे "आम्ही फिट आहोत, आम्हाला काय होतंय" असं वाटत असेल तर पुढचं नीट वाचा.

गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, भाट्याचा किनारा हे सगळं केलं, छान आहे, त्यावर नेटवर ढीगभर लिहिलेलं आहे. मी फक्त पालखीच्या दिवसाबद्दल लिहितोय.

गाव पावस-पूर्णगडच्या पट्ट्यातलं. नाव देत नाही कारण गावकऱ्यांचा यात काडीचा दोष नाही, उलट त्यांनीच सांभाळलं. पालखीची भोवनी सुरू होती, म्हणजे देव वाडीवाडीत घरोघरी जातो, अंगणात पालखी टेकते, बायका ओटी भरतात, गाऱ्हाणं घातलं जातं, मग पुढचं घर. आयोजकाच्या प्लॅनमध्ये लिहिलं होतं "सकाळी १० ते १ पालखीबरोबर वाडीभ्रमंती, अंतर साधारण २० मिनिटे, सोपी चाल". ते २० मिनिटांचं अंतर म्हणजे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना मधला सडा, म्हणजे कातळाचं पठार. वर चढायचं, अख्खा सडा ओलांडायचा आणि पलीकडे उतरायचं. निदान अडीच-तीन किलोमीटर तरी असेल आणि वेळेचं म्हणाल तर पालखी घड्याळ बघून चालत नाही, तिने चालूही नये. खालच्या वाडीत प्रत्येक घरी थांबत थांबत निघेपर्यंत साडेअकरा होऊन गेले.

ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळा जांभा दगड, सपाट, काळपट पडलेला, पावसाळ्यात यावर जे हिरवं गवत आणि फुलं असतात ती मार्चपर्यंत पार वाळून गेलेली असतात आणि झाड म्हणाल तर कडेच्या काजूच्या आणि आंब्याच्या बागा सोडल्या तर मध्ये एकही नाही. वरून ऊन आणि खालून कातळ. मी बसायला म्हणून हात टेकला तर तापलेल्या तव्याला हात लागल्यासारखा झटकन मागे आला. आणि पालखीच्या मागे अनवाणी चालायचं असतं असं आम्हाला आदल्या दिवशी ठासून सांगितलेलं, त्यामुळे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी चपला खालीच सोडल्या होत्या! तळपायाला फोड आले लोकांच्या. पालखी खांद्यावर घेणारे गावकरी अनवाणी असतात हे खरं आहे, पण त्यांचे पाय आयुष्यभर त्या कातळावर चाललेले असतात आणि ते आलटून पालटून खांदा देतात. पाहुण्याने बाजूने चालायचं, चपला बूट घालून चालायचं, आणि अंगणात दर्शनाला जाताना काढायचे. मी नंतर एका मानकऱ्यांना मुद्दाम विचारलं, ते म्हणाले पाहुण्यांनी सड्यावर चपला घातल्या तर देवाचं काही म्हणणं नाही. म्हणजे हा नियम आयोजकाने स्वतःच्या मनाने केलेला.

सड्याच्या मध्यावर भाऊ बोलायचा थांबला. आधी डोकं दुखतंय म्हणाला, मग उलटी झाली, मग मी विचारलं पाणी पितोस का तर काहीतरी भलतंच बोलायला लागला, आपण कुठल्या गावात आहोत हेच त्याला कळेना. हातपाय गरम लागत होते. ही खूण लक्षात ठेवा. दमणं वेगळं, पायात गोळे येणं वेगळं, पण उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा चालताना झोकांड्या खायला लागला की तो उष्माघात धरूनच चालायचं आणि घाम आहे की थांबलाय याची वाट बघत बसायचं नाही.

पालखीबरोबर गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविका, होत्या. त्यांनी दोघांना सांगून त्याला उचलून कडेच्या काजीखाली, म्हणजे काजूच्या झाडाखाली आणलं, शर्ट काढायला लावला, आमच्या बाटल्यांतलं पाणी त्याला पाजायच्या ऐवजी सरळ अंगावर ओतलं, पंचा भिजवून मानेवर, काखेत आणि जांघेत लावला आणि दोघांना आलटून पालटून वारा घालायला बसवलं. आमच्यातला एकजण तोंडात पाणी ओतायला गेला तर त्याला जोरात थांबवलं, धड शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. मग १०८ लावला. सड्यावर रेंज नव्हती, एक मुलगा धावत कडेला गेला तेव्हा फोन लागला. वाट न बघता भावाला खाली डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, अँब्युलन्स तिथे आली, आरोग्य केंद्रात सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत तो माणसात आला. डॉक्टर म्हणाले जागेवर अंग गार केलं म्हणून निभावलं.

तिथे कडेला एक काकी काजू वेचत होत्या, त्यांनी कळशीतलं पाणी दिलं आणि वैतागून म्हणाल्या, "अवो ह्या टायमाला सड्यावर कोन जातो, गुरा पन काजीखाली बसतात." गावच्या माणसाला जे माहीत आहे ते पैसे घेऊन ग्रुप नेणाऱ्याला माहीत नसावं याचा मला अजूनही राग येतो.

आणि पैशाचं. आम्ही उरलेले लोक भावाच्या मागे जायला गाडी शोधत होतो, तर रस्त्यावर उभ्या असलेल्या मॅजिकवाल्याने (छोटी प्रवासी गाडी) आठ-दहा किलोमीटरचे १२०० रुपये घेतले, पेशंटचे नातेवाईक आहोत हे सांगूनसुद्धा एक रुपया कमी केला नाही. देवळाजवळच्या तात्पुरत्या स्टॉलवर २० ची पाण्याची बाटली ४० ला. शहाळं १००. शहाळ्याला छापील किंमत नसते पण बाटलीला असते, तिथे भांडा. आणि सणाच्या दिवशी गाडी आधीच दिवसभरासाठी ठरवून, दर ठरवून, चालकाचा नंबर घेऊन ठेवा, आयत्या वेळी तिथे दुसरा पर्याय नसतो.

आता मुळात हे का होतं ते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो तेच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात सकाळी बऱ्याचदा घाटाकडून, पूर्वेचं कोरडं गरम वारं वाहत असतं आणि त्याचा जोर असला की समुद्रावरचं खारं वारं उशिरा सुरू होतं, कधी कधी पार दुपारी. तोपर्यंत पारा चढत राहतो. म्हणजे "समुद्राचं वारं असतं" हे खोटं नाही, पण ते सकाळी ११ ला सड्यावर असेलच याची काही खात्री नाही. आणि ते आलं की हवेत दमटपणा येतो, घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंश धरतं तर किनारपट्टीला ३७ अंशच धरतं, सोबत सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त हवं. मोबाईलवर ३५ बघून पुणे-नागपूरकरांनी "हे तर काहीच नाही" म्हणू नये. २०२५ ला तर फेब्रुवारीच्या शेवटीच कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. आणि १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमाला उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण गेले, तेव्हा पारा अडतीसच्या आसपास होता असं छापून आलं होतं. कोकणातलाच रायगड जिल्हा, आणि लोक चालतही नव्हते, बसलेले होते. हे विसरू नका.

मग शिमग्याला जायचंच नाही का? जायचंच! माझं स्पष्ट मत आहे की शिमगा रात्रीचा बघा. ज्या दिवशी एवढं सगळं झालं त्याच रात्री भावाला होमस्टेवर झोपवून, त्याच्याजवळ एकाला बसवून मी सहाणेवर, म्हणजे गावात पालखी बसते त्या जागी गेलो. ढोल-ताशा आणि सनई, पालखी नाचवताना खांद्यावरून खांद्यावर अशी झुलत जाते की रुपं, म्हणजे पालखीतले देवाचे मुखवटे, कंदिलाच्या उजेडात एकदम समोर येतात आणि एकदम वळतात, पोरं हुर्रा रे हुर्रा म्हणून बोंबा मारतायत, म्हाताऱ्या बायका हात जोडून उभ्या, मुंबईहून फक्त यासाठी रजा टाकून आलेले चाकरमानी पालखीला खांदा देताना रडतायत. अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही येतोय. त्यानंतर नमन, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य लागलं, त्यातला संकासुर आला, पहाटेपर्यंत बसलो, हवा गार. एवढं सुंदर काही रात्री असताना दुपारी सड्यावर लोकांना नेऊन मारायचं काय कारण?

म्हणून वेळापत्रक उलटं करा. सकाळी साडेनऊ-दहापर्यंत वाडीतली घरं, जिथे मांडव आणि माड-पोफळीची सावली असते. मग जेवण, आणि चारपर्यंत सरळ झोप. पालखी सड्यावरून जाणार असेल तर तुम्ही गाडीने रस्त्याने पलीकडच्या वाडीत जा आणि तिथे तिची वाट बघा, भक्तीत काही कमी होत नाही. काही गावांत पालखी खूण काढते, म्हणजे पुरलेला नारळ शोधते, ते बघायला उन्हात तोबा गर्दी होते, तिथे मांडवाच्या कडेला जागा धरा, मध्ये घुसू नका. कुठल्या दिवशी काय आहे ते गावात फोन करून विचारा कारण काही गावांचे तेरसे शिमगे, त्रयोदशीचे, आणि काहींचे भद्रेचे, पौर्णिमेचे, आणि इंटरनेटवरच्या तारखांवर जाल तर रिकामी सहाण बघून परत याल. काहीजण सोबत कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं पण करतात, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू. ती सगळी सड्यावरच आहेत, त्यामुळे सकाळी आठच्या आत बघून मोकळे व्हा, नाहीतर सोडून द्या.

पिण्याचं. नुसतं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठ जातं. ओआरएसची एक लिटरवाली पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी अजिबात नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मेडिकलमध्ये गोड टेट्रापॅक ओआरएस म्हणून हातात ठेवतात ते नको, पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण लिहिलेलं आहे का ते बघा. घरचं कोकम सरबत जिरं-मीठ घातलेलं उत्तम, ताक उत्तम, शहाळं चांगलं. बीपी, किडनी किंवा शुगरचा त्रास असेल तर मीठ-साखरेचं आधी डॉक्टरांना विचारा. उसाच्या रसातला बर्फ टाळा. दारू पिऊन उन्हात नाचणारे दरवर्षी दिसतात, त्यांच्या जवळपास पण राहू नका. खिशात कांदा ठेवून काहीही होत नाही. काठाची टोपी, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पंचा आणि छत्री, हो छत्री, गावातल्या बायका सड्यावर छत्री घेऊनच चालतात, फक्त पालखीजवळ मिटा.

लहान मुलं, साठीच्या पुढचे आणि गरोदर बाया यांना दुपारी बाहेर काढूच नका. बंद गाडीत मुलाला "पाच मिनिटं" सोडू नका. आणि अंगाची लाही झाली म्हणून दुपारी गणपतीपुळ्याच्या पाण्यात उतरू नका, तो समुद्र फसवा आहे, लोक बुडतात, पाट्या लावलेल्या आहेत.

पुढच्या शिमग्याचं आत्ताच सांगून ठेवतो. २०२६ ला अधिक महिना येत असल्याने २०२७ ची होळी २२ मार्चच्या आसपास येते, म्हणजे ऊन अजून चढलेलं असणार. कोकण रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि शिमग्याच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठला बसा. सकाळी लवकर पोचणारी गाडी पकडा, दुपारी पोचणारी नको, रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब आहे आणि भर उन्हात बॅगा घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात पहिलाच दिवस जातो. होमस्टे घेताना एसीचं विचारू नका, दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टर आहे का आणि छप्पर कौलाचं आहे की पत्र्याचं ते विचारा. पत्र्याचं असेल तर दुसरीकडे बघा.