पांगुळगाडा, गणपतीच्या आत

१ जून

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला आणि पडवीतलं माझं वर्कशॉप अर्ध्यावर आलं. पागोळ्यांच्या बाजूचं टेबल आत ओढलं, करवती तेल लावून पेटीत ठेवल्या. गेल्या वर्षी ज्यांनी माझ्या स्टुलाच्या फाटलेल्या पायाची कथा वाचली होती त्यांना सांगते, ते स्टूल अजून उभं आहे.

भावाचा फोन होता. गणपतीला सगळे रत्नागिरीला येणार. त्याची मुलगी चिऊ तोवर वर्षाची होईल. सध्या धरून उभी राहते, पावलं टाकत नाही. वहिनी म्हणाली, बसायचा वॉकर घ्यायचा विचार आहे. मी म्हटलं, तो नको. त्यात मूल पायाने कमी आणि चाकांनी जास्त चालतं, आणि पायरीवरून गेलं की संपलं. कॅनडात २००४पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. मग शब्द देऊन बसले: पांगुळगाडा मी करते. गणपती २७ ऑगस्टला. तीन महिने खूप झाले, असं तेव्हा वाटलं.

८ जून

लाकूड. जुनं घर उतरवलं तेव्हाची फणसाची दारं मागच्या खोपीत आहेत. एकावर रंधा मारायला घेतला. वरचा हिरवा ऑइलपेंट सुटून खाली पिवळं सोनं दिसायला लागलं, आणि तेवढ्यात डोकं ठिकाणावर आलं. हा रंग माझ्या लहानपणीचा. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या डब्यात काय होतं ते आता कोण सांगणार? रंधलेला सगळा भुगा ओल्या फडक्याने टिपून घेतला, दार परत खोपीत. मुलांच्या वस्तूला जुनं रंगवलेलं लाकूड वापरायचंच नाही, खरवडूनही नाही. हा नियम मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

माळ्याच्या बिनरंगी फळ्या मिळाल्या. फणसच, चाळीस वर्षं धुरात वाळलेला. लोहचुंबक फिरवून सात खिळे काढले. आठवा रंध्याच्या पात्याला सापडला.

१५ जून

आकार जुनाच ठेवला: दोन बाजूंच्या पट्ट्या १८ इंच लांब, पुढे जवळ येऊन एका चाकावर टेकतात, मागे १४ इंच रुंद, दोन चाकं. पट्ट्यांवर उभे दोन खांब, वर आडवी मूठ. मुठीची उंची १७ इंच, जाडी ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एक इंची दांडा आधी केला होता, पण शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाला धरायला दिला तर त्याची बोटं अंगठ्याला भेटेनात.

एक बदल मुद्दाम केला. आमच्या घरच्या जुन्या गाड्याला मागे आरपार आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, होता. मूल मुठीच्या मागे उभं राहून ढकलतं तेव्हा पावलं त्या आसावर आपटतात. मी आस काढून दोन्ही बाजूंना स्वतंत्र १० एमएमचे बोल्ट घातले. मधली जागा मोकळी, पाय तिथून चालतात. हे करायचं तर बाजूच्या पट्ट्या जाड हव्यात, म्हणून तिथे दीड इंच ठेवले.

सुतारकाका येऊन गेले. सत्तरीच्या पुढचे आहेत, आता काम करत नाहीत, पण माझ्या पडवीत रोज एक फेरी. खांबांचे कुसू, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, बघून म्हणाले, "बरे बसलेत. डिंक लावू नका ताई, खालून पाचर मारा." मी मान डोलावली आणि ते गेल्यावर फेव्हिकॉल लावला. मुलाच्या वस्तूत सुटणारा सांधा कशाला, असा माझा हिशेब.

२९ जून

चाकं. आंब्याची पाऊण इंची फळी होती. मागची ५ इंचाची दोन, पुढचं ४ इंचाचं. जिगसॉने कापली, ड्रिलच्या स्टँडवर बोल्टात अडकवून फिरवत पॉलिशपेपरने गोल केली. कॅलिपरने चारही बाजूंनी मोजली. इतकी गोल गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही. फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

१३ जुलै

गाडा थडथडतो.

लादीवर ढकलला की दर फेरीला एक हिसका. आधी वाटलं भोक मध्यावर नाही. मोजलं, भोक बरोबर. मग चाकच मोजलं: लाकडाच्या रेषांच्या दिशेने ५ इंच, रेषांना आडवं ५ इंच आणि वर अर्धा सूत. दोन आठवड्यांच्या पावसात चाक लंबगोल झालं होतं.

हे मला पाठ असायला हवं होतं. लाकूड दमट हवेत रेषांच्या लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. टेबलाच्या फळीला आपण त्यासाठी जागा सोडतो. चाकाला कुठे सोडणार? वर माझी फळी वखारीतून आणलेली ताजीच होती आणि खोलीत ती पंख्याखाली वाळली होती, म्हणजे पडवीत आल्यावर पाणी पिणारच. सुतारकाकांनी चाक हातात घेऊन डोळ्यासमोर फिरवलं. "गोल दिसतंय," म्हणाले, "पण ते उन्हाळ्यातलं गोल आहे."

पुन्हा केली. या वेळी ३ सुती पातळ फळ्या, दोन थर, एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, मधे डिंक, रात्रभर सी क्लॅम्पमध्ये. फळ्या आधी काही दिवस पडवीतच टाकून ठेवल्या, पावसाची सवय होऊ दे म्हणून. एका थराला वाढायचं असतं तिथे दुसरा धरून ठेवतो. मोठ्या व्यासात ही युक्ती उलटेल, थर फाटतील, पण ५ इंचाला चालतं. आज ऑगस्ट उजाडायला आला तरी पाव सुताच्या आत आहेत. (ही ओळ नंतर घातली आहे, तारीख बघून कोणी भांडू नये.) सरळ उपाय चांगल्या प्लायची चाकं हाच आहे. मी का केला नाही, तर हट्ट.

२० जुलै

थडथड गेली आणि खरा प्रश्न समोर आला: गाडा पळतो. एका बोटाने ढकलला तर पडवीच्या या टोकापासून त्या टोकाला. चिऊ अंगाचा भार मुठीवर टाकून पुढे झुकणार आणि गाडा निघून जाणार, ती तोंडावर. आपल्यापैकी बरेच जण चाकं जितकी सुळसुळीत तितकं काम चांगलं असं धरून बेअरिंग घालतात. पांगुळगाड्याला ते नको.

सामान तोलायचा हातातला काटा मुठीला अडकवून ओढून पाहिलं: २०० ग्रॅमला गाडा हलतो. नऊ किलोच्या मुलीपुढे हे काहीच नाही.

त्याच दिवशी दुसरं लक्षात आलं. चाक आणि पट्टी यांच्यात ८ मिमीची फट होती. खेळण्यांच्या भारतीय मानकात, आयएस ९८७३मध्ये, फिरत्या भागांजवळच्या फटीबद्दलचा विचार असा आहे की ५ मिमीची कांडी आत जात असेल तर १२ मिमीचीही गेली पाहिजे. म्हणजे बोट एकतर जाऊच नये, नाहीतर गेलं तर सहज बाहेर यावं. माझे ८ मिमी नेमके मधले, बोट चिमटायला बेतलेले.

दोन्हीला एकच औषध निघालं. जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळाचं चामडं, त्याच्या मोठ्या चकत्या कापून चाकाच्या दोन्ही अंगांना घातल्या. फट ३ मिमीवर आली. नट नायलॉकचा घेतला, तो फिरताना सैल होत नाही, त्यामुळे चामडं हवं तितकं दाबून ठेवता येतं. दाबत गेले, काटा बघत गेले. ७०० ग्रॅमला थांबले. शिवाय चाकांवर सायकलच्या ट्यूबची कडी चढवली, लादीवर घसरायला नको म्हणून. आता गाडा ढकलला तर एक फूट जाऊन उभा राहतो. चामडं झिजलं की अर्धा फेरा नट आवळायचा.

२७ जुलै

मागे कलंडणं. मूल खाली बसलेलं असतं, मूठ धरून स्वतःला वर ओढतं. खांब माझ्या पहिल्या आराखड्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर होते. मागच्या चाकांना अटक लावली, काटा मुठीला अडकवून मागे ओढला. पावणेदोन किलोला पुढचं चाक उचललं गेलं. गाडाच ३.८ किलोचा, हे होणारच होतं.

दोन गोष्टी केल्या. चाकांचे बोल्ट तीन इंच मागे सरकवले, म्हणजे खांब आता चाकांच्या पुढे येतात. सुदैवाने पट्टी तेवढी शिल्लक होती, जुनी भोकं मात्र खुंट्या ठोकून बुजवावी लागली आणि ती दिसतात. पुढे, पुढच्या चाकाच्या डोक्यावर, झाकणाची छोटी पेटी केली आणि तिच्यात दोन किलो वाळूची शिवलेली पिशवी. आता चार किलोच्या पुढे ओढावं लागतं. चिऊ नीट चालायला लागली की वाळू काढून पेटीत बाहुल्या बसवता येतील. झाकण चार स्क्रूंनी बंद, तेवढं काम आत्याकडे.

३ ऑगस्ट

मुठीखाली एक आडवी सळई आणि तिच्यात फिरणारे मणी, ही हौस. लाखकामाची. गेल्या मार्गशीर्षात एका लग्नाला सावंतवाडीला गेले होते तेव्हा चितारआळीत तासभर उभी राहिले होते, लाकडी फळं, भातुकली, पाट बघत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला कातणावर (लाकूड गरगर फिरवून घडवायचं यंत्र) फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पातीने चकाकी देतात. माझ्याकडे कातण नाही, ड्रिलचा स्टँड आहे. पहिल्या दोन मण्यांवर लाख चढण्याऐवजी पडवीच्या भिंतीवर उडाली. तिसऱ्यावर कळलं की दाब कमी आणि कांडी हळूहळू सरकती हवी. लाल आणि पिवळा जमला. हिरवा जळून शेवाळी झाला, तोही ठेवला.

मणी आधी एक इंचाचे केले होते. मग सव्वा इंची भोकाचा ठोकळा करून त्यात टाकून पाहिले. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा भाग ज्या चाचणीच्या नळीत मावता कामा नये तिचा व्यास ३१.७ मिमी आहे, आणि तळ तिरका, एकीकडे २५.४ आणि दुसरीकडे ५७.१ मिमी खोल. ठोकळ्यात भोक पाडून तळाशी तिरकी पाचर टाकली की घरच्या घरी होते. माझे मणी टुपकन आत गेले. शिवाय गोल वस्तूंना आणखी कडक माप आहे, ४४.५ मिमीच्या भोकातून चेंडू पडता कामा नये. मणी सळईत अडकलेले असले तरी सळई मोडणारच नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ४८ मिमीच्या जाड चकत्या केल्या, त्याच तीन रंगांत, शेवाळीसकट. छोटे मणी बैलपोळ्याला शेजारच्या गोठ्यात जातील.

१० ऑगस्ट

बाकीच्या भागाला चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश. अर्ध्या लिटर स्पिरिटला १०० ग्रॅम पापड्या, रात्रभर भिजवून गाळून. चिऊ मूठ चघळणार हे गृहीत आहे, म्हणून लाख. बाजारातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात वाळवण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात, ते नको. ज्यांना साधं जवस तेल आवडतं त्यांनी तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतं. पसरून वाळवा.

दुसरा हात मारला तेव्हा बाहेर धो धो कोसळत होता. तासाभरात सगळा गाडा पिठात लोळवल्यासारखा पांढुरका. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी पॉलिशमध्ये अडकतं. मी जवळजवळ खरवडायला घेतलं होतं. थांबले. चार दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा स्पिरिटने ओलसर केलेलं फडकं नुसतं फिरवलं आणि पांढरेपणा विरघळून गेला. तिसरा हात स्वयंपाकघरालगतच्या खोलीत, तिकडे चूल पेटवून, मधलं दार लावून. चूल बाजूच्या खोलीत, हेही सांगते, स्पिरिटची वाफ आणि जाळ एका खोलीत नको.

१७ ऑगस्ट

उरलेल्या फळीतून बुटकं बाकडं: ७ इंच उंच, १० इंच रुंद, चार सांधे. एका रविवारात झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त कडा रंध्याने नव्हे, पॉलिशपेपरने हातानेच गोल केल्या.

३१ ऑगस्ट

चिऊ आली, बघितलं, आणि गाड्याच्या मागे न जाता पुढून पेटी धरून उभी राहिली. पहिला दिवस तिने तो स्वतःकडे ओढला. दुसऱ्या दिवशी आरतीच्या गडबडीत कोणाचं लक्ष नसताना मूठ धरली आणि माजघर ओलांडलं. चामड्याने काम केलं, गाडा तिच्या पुढे एक वीतही गेला नाही. उंबरठ्याला अडला तेव्हा तिने मागे ओढला, पुढचं चाक जागचं हललं नाही. मण्यांत तिला हिरवा, म्हणजे शेवाळी, आवडतो.

पुढच्या चाकाची कडी लादीवर काळे डाग सोडते. ती बदलायची आहे.

आणि मग निघायच्या दिवशी गाडीची डिकी. बॅगा, नारळ, प्रसाद, आणि गाडा मुठीसकट सतरा इंच उंच, मागे चौदा इंच रुंद. भावाने तीन प्रकारे लावून पाहिला. "ताई, मूठ निघत नाही का?" नाही निघत, फेव्हिकॉल आहे. सुतारकाका कठड्याला टेकून उभे होते. काही म्हणाले नाहीत, तंबाखू मळत राहिले.

गाडा पडवीतच राहिला. बाकडं गेलं.

दुसऱ्या गाड्याची आखणी सुरू केली आहे. खांबाचा कुसू पट्टीच्या खाली एक इंच बाहेर येईल, त्यात आरपार भोक, त्यात पाचर, उतार आठास एक. भोकाची वरची कड पट्टीच्या आत पाव सूत ठेवायची, म्हणजे पाचर सांधा आवळत जाते. पाचर फणसाचीच करायची असं माझं म्हणणं आहे, सुतारकाका म्हणतात खैराची. अजून जमलेलं नाही.