स्प्लेंडरला चार्जिंग सॉकेट बसवलं, दोनदा

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं माझं काम. पहाटे साडेपाचला जुळे सोलापुरातून निघतो आणि दहाच्या आत पंधरा-सोळा घरं करतो. पेशंटचं नाव, कुठली टेस्ट, पत्ता, लोकेशन, पैसे भरलेत की नाही, सगळं फोनमध्येच असतं. गाडी 2013ची स्प्लेंडर. फोन हँडलवर लावलेला, नकाशा सतत चालू, वरून ऊन. मे महिन्यात आठ वाजताच फोन हात भाजेल एवढा तापायचा आणि नवाच्या आत मान टाकायचा.

सॉकेट बसवायचं ठरलं ते एका आजींमुळे. अक्कलकोट रोडला कुंभारीजवळ विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. 10,000 घरं, आणि एकासारखं दुसरं. त्या दिवशी वसाहतीत शिरलो आणि फोन बंद पडला. घर नंबर लक्षात नव्हता. विचारत विचारत पोचायला सव्वा तास गेला. आजींना शुगर. उपाशीपोटीचं रक्त द्यायचं म्हणून आदल्या रात्री आठनंतर पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. दारातच बसल्या होत्या, हात थरथरत होते. सुई काढल्यावर एवढंच म्हणाल्या, "आता खाऊ का रे बाळा?" तो आवाज दिवसभर कानातून गेला नाही. संध्याकाळी बाजारात जाऊन सॉकेट घेतलं.

पॉवर बँक वापरून बघितली होती. पण रात्री फोनसोबत तीही चार्ज करायची, सकाळी खिशात ठेवायची, वायर हँडलपर्यंत ओढायची, आणि दर घरी उतरताना सगळं सोडवायचं. सोळा घरांना सोळा वेळा. ते आठ दिवससुद्धा टिकलं नाही.

सॉकेट साधं होतं. एक यूएसबी पॉइंट, 5 व्होल्ट, 2 अँपिअर, वर रबरी झाकण आणि बॅटरीचे व्होल्ट दाखवणारे छोटे निळे आकडे. रस्त्यावरच्या एका वायरिंगवाल्याने वीस मिनिटांत जोडून दिलं. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, टेप गुंडाळली, झालं. फोन लगेच चार्ज व्हायला लागला आणि मीही खूश. पाच-सहा महिने काही त्रास झाला नाही. गाडी रोज पळत होती, बॅटरी रोज भरत होती, त्यामुळे आतली चूक दिसलीच नाही.

दिवाळीत सहा दिवस माढ्याला गेलो. परत येऊन सेल्फ मारला तर नुसतं टिक-टिक. किक मारमारून गाडी सुरू झाली, पण हॉर्न घोगरा आणि इंडिकेटर लागला की लुकलुकायचाच नाही. हेडलाइट मात्र रेस केली की लख्ख. मला वाटलं, हेडलाइट चांगला आहे म्हणजे बॅटरीही चांगली असणार, दुसरीकडेच काहीतरी बिघडलंय.

शेजारी अण्णा राहतात. तीस वर्षं यंत्रमाग कारखान्यात वायरमन होते. अंगणात माझी किक-किक ऐकून बाहेर आले. "काय करायलास रे सकाळपासून?"

"अण्णा, सेल्फ घेईना झालाय की ओ. लाइट तर चांगला लागतोय."

"लाइट बॅटरीवर कुठं चालतोय तुझा?"

एवढ्या वर्षांत मला हे ठाऊकच नव्हतं. या जुन्या गाड्यांत इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटमधून एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट निघतो; त्याचा एक वाटा थेट हेडलाइटला जातो, म्हणून इंजिन हळू झालं की लाइट मंद होतो. दुसरा वाटा आरआर युनिटमधून (रेग्युलेटर-रेक्टिफायर) डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा होऊन बॅटरीत जातो. हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ यांना ताकद मिळते ती बॅटरीतून. म्हणजे माझी बॅटरीच उतरली होती. अण्णांनी मीटर लावला तर 11.3 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6च्या आसपास दाखवते.

पुढची तपासणी त्यांनी केली ती मी कधी विसरणार नाही. चावी बंद ठेवली, बॅटरीच्या मायनसची वायर सोडवली आणि त्या वायरीच्या आणि बॅटरीच्या मधे मीटर लावला, मिलीअँपिअरवर. मला सांगितलं, "आता चावीला हात लावू नको. सेल्फ दाबलास तर मीटरचा फ्यूज जाईल." आकडा स्थिर झाला, 20. गाडी पूर्ण बंद, फोन लावलेला नाही, तरी 20 मिलीअँपिअर करंट चालला होता. सॉकेटची लाल वायर काढली आणि आकडा शून्यावर आला.

हिशेब अण्णांनी भिंतीवर खडूने मांडला. 20 मिलीअँपिअर गुणिले 24 तास, म्हणजे दिवसाला 0.48 अँपिअर-अवर (बॅटरीत किती करंट किती तास पुरेल ते मोजायचं माप). माझ्या बॅटरीवर लिहिलंय 12 व्होल्ट, 3 अँपिअर-अवर. सहा दिवसांत जवळपास सगळी रिकामी. ते निळे आकडे रात्रंदिवस जळत होते आणि सॉकेटमधलं सर्किट बारा व्होल्टचे पाच करायला कायम जागं होतं.

पण खरी भीती मला त्यानंतर वाटली. जोडावरची टेप काढली तर उन्हाने तिचा डिंक पातळ होऊन घसरला होता, बोटांना काळं चिकटत होतं. आत वायर नुसती पीळ मारून जोडलेली. दोन बारीक तारा बाहेर आलेल्या, चेसीच्या लोखंडापासून जेमतेम बोटभर. मधे फ्यूज कुठेच नाही. बॅटरीचा थेट प्लस, आणि ती वायर गेली होती पेट्रोलच्या टाकीखालून. तिथं शॉर्ट झाला असता तर वायर लाल होऊन जळेपर्यंत करंट थांबवणारं काहीच नव्हतं. रोज त्या टाकीवर पोट टेकून मी चाललो होतो, पाठीवर लोकांचे नमुने घेऊन.

बॅटरी दुकानात चार्जिंगला दिली आणि मुद्दाम सावकाश भरायला सांगितली. तीन अँपिअर-अवरच्या बॅटरीला 0.3 अँपिअर पुरतो, घाई केली तर ती खराब होते. ती रात्रभर तिथंच राहिली. रविवारी आम्ही दोघं बसलो.

करंट घ्यायचा तो चावीनंतरचा, हे नक्की होतं, म्हणजे चावी काढली की सॉकेट मेलं. हेडलाइटच्या वायरीवरून घेता येत नव्हता, कारण तिथं एसी आहे. सॉकेटला डीसी लागतो. हेडलाइटचा डोम उघडला तर आत वायरींचा गुंता आणि दहा वर्षांची धूळ. या गाड्यांत हिरवी वायर अर्थची, लाल बॅटरीची, काळी चावीनंतरची. तरीही अण्णांनी रंगावर विश्वास ठेवू दिला नाही. काळ्या वायरीवर मीटर धरून माझ्याकडून तीनदा चावी फिरवून घेतली. चालू, 12.4. बंद, शून्य. मगच "हीच" म्हणाले.

रिले घालायचा का, यावर बराच वेळ गेला. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मी चार पायांचा आणून ठेवला होता. अण्णांनी फोनचा हिशेब करायला लावला: 5 व्होल्ट गुणिले 2 अँपिअर, 10 वॉट, मधलं नुकसान धरून बॅटरीकडून 12 वॉट, म्हणजे साधारण एक अँपिअर. तेवढ्याला चावीची वायर सहज पुरते, आणि रिलेची कॉइल स्वतःच थोडा करंट खात राहते. एवढ्याशा बॅटरीला तो भार नको, म्हणून रिले परत केला. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप लावायचा असता तर गोष्ट वेगळी. तो 10 अँपिअरपर्यंत ओढू शकतो, आणि तसलं काही या गाडीला मी लावणार नाही.

सुरुवात मायनस सोडवून केली. आधी प्लस सोडवायला गेलं आणि पाना चेसीला टेकला तर जागेवर ठिणगी. काळ्या वायरीवर जोड घेतला आणि लगेच, बोटभर अंतरावर, 3 अँपिअरचा फ्यूज बसवला. फ्यूज जोडाजवळ असला तरच पुढची सगळी वायर वाचते. जोड सोल्डर केले नाहीत. सोल्डरजवळ वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने तिथंच तुटते, असा अण्णांचा अनुभव. लग्ज, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायचे धातूचे तुकडे, दाबून बसवले, वर स्लीव्ह चढवली आणि गरम हवेने आवळली. मला सगळ्यात आवडलं ते याच्या पुढचं. वायर टायने बांधण्याआधी त्यांनी हँडल पूर्ण डावीकडे लॉकपर्यंत नेलं, मग पूर्ण उजवीकडे, आणि दोन्हीकडे वायर ताणत नाही ना, कुठं चिमटत नाही ना ते बोट घालून बघितलं. तेवढी ढील ठेवूनच टाय आवळले. नवी वायर टाकीखाली जातच नाही, डोममधून सरळ हँडलवर. झाकण खालच्या बाजूला येईल असं सॉकेट फिरवलं, पाऊस आणि वॉशिंगचं पाणी साचू नये म्हणून.

मायनस शेवटी जोडला. चावी चालू, 12.6. सेल्फ मारला, एका दमात गाडी घेतली. रेस केली, 14.1. फोन लावला, 13.9. चावी बंद केली आणि निळे आकडे विझले. मग पुन्हा मीटर मधे लावून बघितला. शून्य.

एकूण खर्च फ्यूज होल्डर, फ्यूज, लग्ज, स्लीव्ह, वायर धरून दोनशेच्या आतच. सॉकेट जुनंच.

आता सवय अशी लागलीये की सिग्नलला गाडी बराच वेळ उभी राहिली तर आकड्यांकडे बघतो. 12.5च्या खाली आला की फोनची वायर काढतो, गाडी पळायला लागली की परत लावतो. आजींकडे दर महिन्याला जातो. नंबर लावलाय त्यांचा, सगळ्यात आधी.

आमच्याकडचाच दुसरा एक मुलगा होटगी रोडची बाजू करतो. त्याचंही सॉकेट थेट बॅटरीवरच आहे. पुढच्या रविवारी त्याला अण्णांकडे बोलावलंय. त्याची गाडी बजाजची, म्हणजे वायरींचे रंग सगळे वेगळे, त्यामुळे आधी मीटर बाहेर निघेल.