तुम्ही विचारलंत म्हणून: पोटावरची रेघ

पालखीच्या दिवशी फोंड्यातल्या आमच्या देवळात सोवळं नेसून उघड्या अंगाने उभा राहिलो, की कुणीतरी हटकून विचारतंच, “काका, पोट एवढं कशानं कापलं? अपघात?” बरगड्यांखालून निघालेली ती रेघ बेंबीपाशी डावीकडे वळसा घालून खाली उतरते. विचारलंत म्हणून सांगतो: आजार बरा झाल्यावर कापलं.

1986 साली मुंबईत हॉजकिन लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कॅन्सरची, केमोथेरपी पुरी झाली. सहा सायकल. मानेतल्या गाठी गेल्या, रात्रीचा घाम थांबला, पण सीटी स्कॅनमध्ये पोटातली एक गाठ लहान होऊन तशीच बसलेली. ती जिवंत आहे की नुसता वण उरलाय, हे सीटीला कळत नाही; त्याला दिसतो आकार. चुलीतल्या राखेत निखारा उरलाय का ते काटकीने ढोसून बघावं, तसं डॉक्टरांनी पोट उघडलं. गाठीचे, यकृताचे तुकडे घेतले आणि प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असलेला, जंतूंशी लढणारा अवयव, सबंध काढली, कारण रोग तिच्यात दडला तर बाहेरून पत्ता लागत नसे. तुकडे घेतले तिथे धातूच्या बारीक क्लिपा ठेवल्या, पुढे रेडिएशन द्यावं लागलं तर खूण म्हणून. अजून एक्स-रे काढला की तंत्रज्ञ विचारतो, “काका, गिळलंत काय?”

रिपोर्ट आला: सगळीकडे फक्त वण.

“म्हणजे उगाच फाडलं!” असं लोक म्हणतात. मला नाही पटत. त्या रात्री बाबा कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले. प्लीहा मात्र गेली ती गेली. ती नसली की न्यूमोकोकससारखे जंतू एखाद-दुसऱ्या दिवसात माणूस संपवू शकतात. मलेरियाही जड जातो, आणि तेव्हा पणजीत मलेरियाने ठाण मांडलेलं. बायको थर्मामीटर देवघरात ठेवायची. लस वेळेवर, आणि ताप आला की रात्र असो, पाऊस असो, थेट डॉक्टर. अजूनही.

गेल्या वर्षी भाचीला हाच आजार. केमोनंतर तिला उपाशीपोटी किरणोत्सर्गी साखरेचं इंजेक्शन दिलं आणि तासाभराने पेट स्कॅन. जिवंत गाठ साखर ओढून घेते, म्हणून चमकते. क्षयाची गाठही चमकते बरं का. शंका आली तर तुकडा आजही काढावाच लागतो. हिचं काहीच चमकलं नाही. पण ते कळायच्या आधीच, परतीच्या वाटेवर गाड्यापाशी गाडी थांबवायला लावून तिने रस-आमलेट खाल्लं. दोन प्लेटी.